तीन नंबरची केबल

१

माझ्या कॉम्प्युटरचा खून झाला तो रविवारी सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत. बटण मीच दाबलं होतं.

खून म्हटलं की लोक हसतात. वहिनीही हसली. हसोत बापडे. ज्यांनी महिनोन् महिने डोकं खाजवून एकेक पार्ट निवडला नाही, त्यांना काय कळणार? मी बटण दाबलं, आत टच्च असा बारीक आवाज झाला, दिवा एकदा लुकलुकला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास खोलीभर पसरला. पंखा फिरलाच नाही. मी वायर काढून पुन्हा लावली, दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिली, शेवटी कॅबिनेटला एक चापटसुद्धा मारली. ढिम्म.

टेबलावर मोबाइल वाजत होता. पलीकडे कॅप्टन.

"अगं, आहेस कुठे? सगळे आत आलेत. तुझंच नाव दिसत नाहीये."

कॅप्टनचा संघ म्हणजे आमच्या गेममधला नावाजलेला संघ. पाच खेळाडूंचा. त्यातली एक जागा रिकामी झाली होती आणि त्या जागेसाठी दोघींची निवड चाचणी होती. एक मी आणि दुसरी सावली. सावली हे तिचं खरं नाव नव्हे. आम्ही सतत बरोबर असायचो म्हणून गेममधल्या पोरांनी पाडलेलं. शाळेत असल्यापासून मला त्या संघात जायचं होतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन खेळायचं, दुसरं काही मी केलंच नव्हतं.

मी धावत दादाच्या खोलीत गेले. त्याचा कॉम्प्युटर माझ्याहून भारी. चालू केला तर पासवर्ड मागतोय. दादाला फोन लावला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दादा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की त्याला फोन लागत नाही.

"वहिनी, दादाचा पासवर्ड काय?"

"मला कशाला सांगेल तो? मला तर कपाटाची किल्लीसुद्धा मागावी लागते."

तोवर चाचणी सुरू झाली. सावली एकटीच खेळली आणि छान खेळली. दुपारी तिचाच फोन आला. "पॉवर सप्लाय उडाला असणार. दुसरा आण, मी येते जोडायला." मला तिचं बोलणं ऐकवत नव्हतं. मग कॅप्टनचा निरोप आला: पुढच्या रविवारी शेवटची संधी, तेव्हाही मी नसेन तर जागा सावलीची.

त्या दिवशी मी नशिबाला बोल लावले. नशिबाचा काही संबंध नव्हता, हे सोमवारी कळलं.

२

सोमवारी दादाने कॅबिनेट स्वतः खांद्यावर मारून शेठच्या दुकानात पोचवलं, मला म्हणाला, "चिंगे, तोंड पाडू नकोस, होईल सगळं," आणि तसाच ड्युटीवर गेला. दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली. शेठ आमचे पार्टवाले. मी सगळं त्यांच्याकडूनच घेतलं होतं, पॉवर सप्लाय सोडून. ती कंपनी ते ठेवतच नसत. त्यावरून ते जे फुगून बसले होते, ते अजून फुगलेलेच होते.

सप्लायचा हट्ट दादाचा. नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा मी आधी ग्राफिक कार्डाकडे धावले. सगळेच धावतात. दादाने मला कानाला धरून परत आणलं. "आधी सप्लाय निवड. सगळ्या पार्टांना जेवायला घालणारा तो. तोच हलका घेतलास तर वरचं सगळं भारी सामान उपाशी मरेल नाहीतर अजीर्णाने मरेल." मग त्याच्याकडे आहे त्याच कंपनीचा, पण नव्या मॉडेलचा सप्लाय आम्ही दुसरीकडून आणला. नंतर प्रोसेसर ठरला, त्याला बसेल असा मदरबोर्ड ठरला, बोर्डाला चालेल अशी रॅम. कार्ड सगळ्यात शेवटी. दिव्यांचे पंखे घ्यायचे की नाहीत यावरून माझं आणि सावलीचं आठवडाभर वाजलं होतं. जोडणी मात्र सगळी मी केली. दादा मागे हाताची घडी घालून उभा होता.

त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा तर काय थाट! पारदर्शक कॅबिनेट, आत लाल दोऱ्याने विणलेल्या केबली, खास मागवून घेतलेल्या. घरी कुणी आलं की आधी त्या केबलींचं दर्शन, मग पाणी. आणि पार्टांची रिकामी खोकी कपाटावर छतापर्यंत रचलेली. वहिनी म्हणते, "माझे कपडे ठेवायला जागा नाही, पण याच्या खोक्यांना आहे."

तर शेठनी कॅबिनेट उघडलं आणि वास घेऊनच मान हलवली.

"बाहेरच्या मालाची हीच तऱ्हा, ताई. सांगितलं होतं तुम्हाला."

त्यांनी एकेक पार्ट काढून दुसऱ्या मशीनवर तपासला. कार्ड चाललं. रॅम चालली. बोर्ड मेला होता आणि जाताना प्रोसेसरलाही घेऊन गेला होता. शेवटी सप्लाय तपासला तर तो ठणठणीत. शेठचं तोंड उतरलं.

"आता चालतोय," ते म्हणाले, "पण त्याचा भरवसा नाही."

मी सप्लायच्या सुटलेल्या केबली गुंडाळत होते. माझ्या धंद्यात एक सवय लागते. चष्म्याच्या काचेवर कडेला एवढुशी खूण कोरलेली असते, ती वाचल्याशिवाय काच फ्रेमीत बसवायची नाही. म्हणून कुठलीही वस्तू हातात आली की माझा डोळा कडेला जातो. त्या केबलींच्या टोकांवर कंपनीचं नाव होतं आणि खाली बारीक एक आकडा. चार. चार. चार. बोर्डाला जाणाऱ्या सगळ्यात जाड केबलीवर मात्र तीन.

"शेठ, हा आकडा कसला?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, केबल डोळ्यांशी नेली आणि खुर्चीत मागे टेकले.

"ही तुमच्या सप्लायची नाहीच. कंपनी तीच, पण ही जुन्या मॉडेलची. दिसायला सारखी, बसते पण बरोबर, फक्त आतल्या तारांचा क्रम वेगळा. जिथे कमी वीज जायची तिथे जास्त गेली. बोर्ड भाजून निघाला." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही चुकून लावलीत?"

मी लावली असती तर पहिल्याच दिवशी जळला असता. कॉम्प्युटर कित्येक आठवडे लोण्यासारखा चालत होता. शनिवारी संध्याकाळीसुद्धा मी त्यावर सराव केला होता. केबल आपण होऊन बदलत नाही. त्या सरावानंतर कुणीतरी बाजूची काच सरकवली, माझी केबल काढली, ही लावली आणि काच होती तशी बंद केली. मला निवडीच्या दिवशीच, माझ्याच हाताने ते बटण दाबायला लावलं.

मी ती केबल गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली.

"शेठ, काय जळलं, काय वाचलं, हे कुणाला सांगायचं नाही. केबलीचं तर अजिबात नाही. घरच्यांनाही नाही. कुणी विचारलं तर म्हणा, अजून उघडलंच नाही."

"पण कोण करेल असं?"

"तेच शोधते," मी म्हणाले. "आणि सापडला की त्याला असा भाजते की वास गल्लीभर यावा."

३

शनिवारी संध्याकाळी माझा सराव संपल्यावर खोलीत बाहेरचं एकच माणूस आलं होतं. सावली. सोबत मोठी बॅग. मी चहा करायला आत गेले तेव्हा ती कॉम्प्युटरपाशी एकटी होती. माझी जागा गेली तर ती कुणाला मिळणार होती? सावलीला. आणि तिच्या जुन्या कॉम्प्युटरचा सप्लाय कुठल्या कंपनीचा? त्याच. दादानेच तिलाही सुचवला होता, जुन्या मॉडेलचा. गेल्या महिन्यात तिने तो कॉम्प्युटर मोडीत काढला. म्हणजे सप्लाय घरात पडून, केबली मोकळ्या.

मी त्या दिवशी चष्म्याच्या दुकानातून लवकर सुटी घेतली आणि थेट तिच्या घरी गेले. ती दारातच म्हणाली, "मिळाला का सप्लाय?" तिचा तो काळजीचा सूर ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझा जुना सप्लाय कुठाय?"

"पलंगाखाली. का गं? हवाय तुला? घेऊन जा की."

"त्याची बोर्डाची केबल दाखव."

"केबल कशाला दाखवू?"

"नाहीये ना तुझ्याकडे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हळूहळू उमजलं. ती खाली बसली, पलंगाखालचं खोकं ओढलं आणि उलटं केलं. केबली फरशीवर पसरल्या. बारीक, मध्यम, आणि सगळ्यात जाड, बोर्डाची. मी ती उचलून आकडा वाचला. तीन. सगळ्या तीनच. एकही कमी नव्हती. खोक्याच्या झाकणावर चित्र होतं, त्याच्याशी ताडून पाहिल्या तर सगळ्या भरल्या.

"मी तुझा कॉम्प्युटर बिघडवला असं वाटलं तुला?"

मी केबल खाली ठेवली.

"चहा आणायला तू आत गेलीस तेव्हा मी काय करत होते माहितीये? तुझ्या माऊसची वायर सारखी अडकते म्हणून टेबलाला चिकटवत होते. घरी जाऊन बघ." तिने केबली खोक्यात भरायला घेतल्या. "मी तुला हरवून ती जागा घेणार होते. तू नसताना मिळालेली जागा मला काय चाटायचीये?"

मी माफी मागायला हवी होती. पण माझ्या डोक्यात तेव्हा एकच चाललं होतं: ही नाही, तर मग कोण? मी तशीच उठून आले. घरी येऊन पाहिलं, माऊसची वायर टेबलाला नीट चिकटवलेली होती.

४

सूड राहिला बाजूला, रविवार तोंडावर आला होता. कॉम्प्युटर तर उभा करायचाच होता. सगळं नव्याने घ्यायची माझी ऐपत नव्हती. म्हणून मी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत सुटले: यातलं काय ठेवू आणि काय फेकू? काय जळलंय ते मात्र सांगितलं नाही. म्हटलं, शेठनी अजून उघडलंच नाही.

कॅप्टन फोनवर म्हणाला, "पहिल्यांदा सप्लाय फेक. ज्याने एकदा घर जाळलं त्याच्या हातात पुन्हा काडेपेटी देणार का?"

वहिनी भाजी निवडत होती. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण जिथून वीज येते तेच बिघडलं असणार ना? ते बदल. बाकीचं राहू दे बिचारं." मग सुस्कारा टाकून म्हणाली, "रविवारी हा घरी असता तर तुझं काम झालं असतं. त्याची सुटी होती गं. स्वतःहून दुसऱ्याची ड्युटी मागून घेतली. मी म्हटलं, बहिणीची परीक्षा आहे, थांब. तर म्हणे, मी असलो की तिला दडपण येतं."

शेवटी दादा. तो जेवून कॉम्प्युटरसमोर बसला होता, लाल केबलींवरची धूळ ब्रशने झटकत. मी तोच प्रश्न विचारला. त्याने ब्रश खाली ठेवला आणि क्षणाचाही विचार न करता सांगितलं.

"सप्लायला हात लावू नकोस. इतका चांगला पार्ट फेकायचा नसतो. कार्ड ठेव, रॅम ठेव. बोर्ड आणि प्रोसेसर तेवढे नवे घे."

"शेठशी बोललास का?"

"नाही बुवा. तो फुगलाय ना अजून? थांब, तुला बोर्ड दाखवतो." आणि त्याने मोबाइलवर एकामागून एक बोर्ड दाखवायला घेतले. हा नको, याचं रॅमशी जमत नाही. हा चालेल, पण प्रोसेसर तापेल. किती जीव तोडून सांगत होता! मला वाटलं, सख्खं ते सख्खं. मी झोपले तीही निवांत.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक आजोबा आले. हातात चष्म्याचं बंद पाकीट. काउंटरवर ठेवून म्हणाले, "बायकोचा आहे. उजवी काच तेवढी बदला. डावी धड आहे, फ्रेमही धड आहे."

"बघू तरी द्या," मी म्हणाले. "पाकीट न उघडता कसं सांगता?"

"अहो, सांगू कसं? मीच बसलो ना त्यावर!"

दुकानातले सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता थांबले. पाकीट उघडलं तर खरंच उजवी काच फुटली होती, डावी धड होती.

कॅप्टनने सप्लायवर बोट ठेवलं. सावलीने ठेवलं होतं, शेठनी ठेवलं, वहिनीने तर केबल कशाशी खातात हे माहीत नसताना ठेवलं. बाहेरून बघणारा प्रत्येक जण तेच म्हणणार. सप्लाय निर्दोष आहे, बोर्ड आणि प्रोसेसरच गेलाय, कार्ड आणि रॅम वाचलीये, हे कॅबिनेट न उघडता फक्त एकालाच ठाऊक होतं. जो त्यावर बसला होता त्याला.

५

मी दुकानातूनच शेठना फोन केला. दादा तिकडे फिरकला नव्हता, फोनही नव्हता. तरी माझं मन तयार होईना. दादाचा सप्लाय त्याच कंपनीचा, जुन्या मॉडेलचा, हे खरं. पण त्याचा कॉम्प्युटर तर धडधडीत चालू होता! त्याची बोर्डाची केबल माझ्या कॅबिनेटमध्ये असेल, तर त्याचा चालतोय कशावर?

लाल केबलींवर.

त्या खास मागवलेल्या होत्या. मग सप्लायबरोबर खोक्यात आलेल्या काळ्या केबली गेल्या कुठे?

शेठकडून कॅबिनेट आणि सगळं सामान घेऊन घरी आले. दादा ड्युटीवर होता. स्टूल घेतलं, कपाटावर चढले. वहिनी खालून ओरडली, "पडशील!" सप्लायचं खोकं अगदी मागे होतं. आत काळ्या केबली, एकेक रबर लावून गुंडाळलेली. सगळ्यांवर तीन. सगळ्या होत्या. फक्त जाड केबलीची जागा रिकामी होती.

मी खाली उतरले आणि वहिनीला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "तो आला की माझ्यासमोर विचार. मला ऐकायचंय."

दादा आला, हत्यारांची बॅग दाराशी ठेवली, हातपाय धुतले. टेबलावर माझं रिकामं कॅबिनेट उघडून ठेवलेलं पाहून खूश झाला.

"वा! आणलंस परत? मग बोर्ड कुठला ठरला?"

मी तीन नंबरची केबल त्याच्यासमोर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे विझले.

"ही कुठली?"

"तुझ्या खोक्यातली. माझ्या बोर्डाला लावलेली."

"शेठच्या दुकानात अदलाबदल झाली असेल."

"शेठ ही कंपनी ठेवत नाहीत. म्हणूनच तर फुगलेत."

"मग सावली—"

"तिच्या सगळ्या केबली मी मोजून आले. तिची मैत्री घालवून आले. तुझ्या खोक्यात मात्र एक कमी आहे." माझा आवाज चढत होता. "आणि काल तू न बघता सांगितलंस की बोर्ड गेलाय आणि सप्लाय चांगला आहे. सगळं जग म्हणतंय सप्लाय फेक. तूही तेच म्हणाला असतास तर मला जन्मात कळलं नसतं. पण तुझ्याच्याने म्हणवलं नाही. आपण निवडलेला चांगला पार्ट ही पोरगी कचऱ्यात टाकणार, हे तुला सहन झालं नाही. बहिणीचं वाटोळं चाललं तुला, पण सप्लायचं नाही!"

त्याने केबल हाताने दूर सरकवली.

"माझी चार नंबरची केबल कुठाय?"

"फेकली."

"तू? तू वाकडा स्क्रूसुद्धा जपून ठेवतोस."

वहिनी दाराशी गेली, हत्यारांची बॅग उचलून आणली आणि त्याच्या पायाशी ठेवली. "उघड."

त्याने उघडली. पाने आणि स्क्रू-ड्रायव्हरांच्या खाली माझी केबल होती. नीट गोल गुंडाळलेली, रबर लावलेली. मला सगळ्यात जास्त संताप त्या रबराचा आला.

"का?" वहिनीने विचारलं.

त्याने बॅग बंद केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो कॅप्टन घरी आला होता ना हिचा खेळ बघायला. मी त्याच्या संघात होतो. एका मोसमात मला बाहेर बसवलं, ते पुन्हा बोलावलंच नाही. त्या दिवशी तो तासभर हिच्या खुर्चीमागे उभा राहिला. जाताना मला म्हणतो, तू अजून खेळतोस का रे? माझं नावसुद्धा त्याला आठवत नव्हतं. हिला माऊस धरायला मी शिकवलं. मी." त्याने ओठ चावला. "एक रविवार चुकावा, एवढंच वाटलं."

"मग त्याचा कॉम्प्युटर जाळायचास," मी म्हणाले. "माझा का?"

त्याने माझी केबल उचलून माझ्यापुढे धरली.

"चिंगे, मी भरून देतो सगळं. उद्याच शेठकडे जाऊ, तू म्हणशील तो बोर्ड—"

"शेठकडे जायची गरज नाही. माझा नवा कॉम्प्युटर तूच निवडायचास. पण दुकानातून नाही." मी त्याच्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. "तिथून."

६

त्याचा बोर्ड आणि प्रोसेसर गेल्याच वर्षीचे, माझ्यापेक्षा वरचे. माझी रॅम त्यावर बसत होती. तो हे सगळं माझ्याआधीच जाणून होता, म्हणून तर त्याचा चेहरा उतरला. नाही म्हणायची सोय नव्हती, वहिनी दारात उभी होती.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि एकेक पार्टाचं नाव घेत गेले. "ती लाल केबल काढ. आता कार्ड. आता बोर्डाचे स्क्रू." तो काढत गेला. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट त्याने कापसाने पुसली, आजारी माणसाचं कपाळ पुसावं तशी. बोर्ड बाहेर आला तेव्हा त्याने तो दोन्ही हातांत उचलून धरला. मला दया आली का? मुळीच नाही. माझ्या कॉम्प्युटरची काच सरकवताना त्याला माझी आली नव्हती.

मग त्याने सगळं माझ्या कॅबिनेटमध्ये बसवलं. माझाच सप्लाय, माझीच केबल.

"बटण दाब," मी म्हणाले.

"तू दाब ना. तुझा आहे."

"तूच."

त्याने दाबलं. पंखा फिरला. त्याच्या खोलीतल्या पारदर्शक कॅबिनेटमध्ये आता फक्त लाल केबली लोंबत होत्या.

रविवारी त्याला सुटी होती, आणि या वेळी त्याने कुणाची ड्युटी मागितली नाही. मी मागू दिली नसती. तो माझ्या मागे, जिथे कॅप्टन उभा राहिला होता तिथेच, भिंतीला टेकून उभा होता. मी खेळले. असं खेळले की माझं मलाच खरं वाटेना. समोर येणाऱ्या प्रत्येकात मला एकच चेहरा दिसत होता. एकदा तर समोर तिघं आणि मी एकटी उरले होते, तरी तो डाव आम्ही घेतला. मागून दादाचा श्वास ऐकू आला. त्याला कळलं होतं मी काय केलं ते. एवढं कळणारा त्या घरात तोच होता.

सामना संपला आणि कॅप्टनचा फोन आला. मी मुद्दाम स्पीकर लावला.

"जागा तुझी," कॅप्टन म्हणाला. "वादच नाही. काय हात चालत होता आज!"

वहिनीने टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून दादाकडे बघितलं. त्याला ऐकायला लागावं म्हणूनच तर स्पीकर होता.

"आता एक अडचण आहे," कॅप्टन पुढे म्हणाला. "राखीव खेळाडू म्हणून मी सावलीला विचारलं. ती म्हणते, तुझ्याबरोबर खेळणार नाही. काय बिनसलंय तुमच्यात ते तुम्हालाच माहीत. पण मला आजच नाव द्यायचंय. अनुभवी कुणीतरी हवं. तुझा दादा आहे ना तिथे? गेल्या वेळी भेटला तेव्हा नाव आठवेना, घरी जाऊन जुने सामने काढून बघितले. चांगला खेळायचा गं तो. खेळेल का परत?"

दादा भिंतीपासून सुटा झाला. एक पाऊल पुढे आला. माझ्याकडे बघू लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याकडे काहीतरी मागत होता.

देता आलं असतं. शेठकडे बोर्ड होते, दादा तर सगळं भरून द्यायला तयारच होता. एका दिवसात दुसरा कॉम्प्युटर उभा राहिला असता. मला फक्त "हो" म्हणायचं होतं.

"नाही जमणार त्याला," मी म्हणाले. "त्याच्याकडे कॉम्प्युटर नाहीये."

"अरेरे," कॅप्टन म्हणाला. "बरं, दुसरा कुणी बघतो."

दादाने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. मग आपल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. वहिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती त्याच्या मागे गेली.

सूड घेतल्यावर बरं वाटत नाही असं सगळे सांगतात. मला वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. इतकं की कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. मी सावलीला फोन लावला. तिने उचलला नाही.